मेमरी वाढली, ताळा जुळला का?

घरच्या सर्व्हरची रॅम वाढवताना व्यापारी कुटुंबाने सांभाळावयाची पथ्ये

व्यापारी घराची स्मृती पूर्वी लाल कापडाच्या बांधणीतल्या वह्यांत राहत असे. कीर्दीत रोजचा व्यवहार उतरायचा, खतावणीत तो नावानिशी लागायचा, तेरजेत सगळ्या खात्यांच्या बेरजा एकमेकींना भिडायच्या आणि दिवसाखेर रोजमेळ जुळल्याशिवाय पेढीला कुलूप लागत नसे. नागपूरच्या इतवारीत, गांधीबागेत किंवा लकडगंजात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या घरांना या शब्दांचा अर्थ आजही समजावून सांगावा लागत नाही. वह्यांची जागा मात्र संगणकाने घेतली आहे. काही घरांत तर जिन्याखाली किंवा कपाटाच्या फळीवर अहोरात्र चालू असलेली एक छोटी पेटी सगळ्या कुटुंबाचे दप्तर सांभाळते. तिलाच घरचा सर्व्हर म्हणतात.

ही पेटी बहुधा एखाद्या जुन्या डेस्कटॉपलाच नवे काम देऊन उभी केलेली असते. दुकानाचा हिशेब, गोदामाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण, मुलांचे अभ्यास, लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि आजोबांच्या आवाजातल्या आठवणी असे सारे तिच्यात साठत जाते. वर्षा-दोन वर्षांत ती मंदावते. मग कोणीतरी सुचवतो की रॅम वाढवली म्हणजे झाले. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. आठ जीबीची रॅम सोळा किंवा बत्तीस केली की पेटीला नवा जोम येतो. पण याच दहा मिनिटांच्या कामातून अशी अडचणही उद्भवू शकते, की जिचा पत्ता काही महिन्यांनी लागतो आणि तोवर चुकीचे आकडे बॅकअपमध्येही जाऊन बसलेले असतात.

कारण साधे आहे. डिस्क म्हणजे वही आणि रॅम म्हणजे मुनीमजींच्या हातातली लेखणी. प्रत्येक आकडा वहीत उतरण्यापूर्वी त्या हातातून जातो. वही कितीही भक्कम असली, तिच्या कितीही प्रती काढल्या, तरी लिहिणारा हातच थरथरत असेल तर सगळ्या प्रतींत एकच चूक उतरते. म्हणून मेमरी किती वाढली, याहून वाढलेली मेमरी विश्वासाची आहे का, हा प्रश्न मोठा ठरतो.

गरज खरोखर आहे का?

खर्च करण्यापूर्वी पेटीला खरोखर मेमरी कमी पडते आहे का, हे पाहणे इष्ट. येथे पुष्कळांची फसगत होते. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसली की घरातील मंडळी घाबरतात. वास्तविक ती प्रणाली रिकाम्या मेमरीत अलीकडे वाचलेल्या फाइली ठेवून देते आणि कोणत्याही कार्यक्रमाला जागा हवी असेल तेव्हा ती तत्काळ मोकळी करते. रिकाम्या गोदामात चार दिवस माल ठेवून घ्यावा, तसाच हा प्रकार. त्यामुळे ‘मोकळी’ या आकड्याऐवजी ‘उपलब्ध’ हा आकडा पाहावा. त्याच्याच जोडीला स्वॅपचा वापर, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यामुळे डिस्कवर ढकलला जाणारा भार, किती आहे हे आठवडाभर नोंदवावे.

उपलब्ध मेमरी सतत तळाला असेल, स्वॅपची ये-जा थांबत नसेल किंवा प्रणाली मेमरीअभावी एखादा कार्यक्रम स्वतःहून बंद करत असेल, तर वाढ आवश्यक आहे. तसे नसेल, तर मंदपणाचे कारण जुनी हार्ड डिस्क, नेटवर्क किंवा आत साचलेली धूळही असू शकते.

एका बिटाची किंमत

सोळा जीबीच्या एका स्टिकमध्ये १३,७४३ कोटींहून अधिक बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म साठवणीतला विद्युतभार. भार असला तर एक, नसला तर शून्य. ही साठवण पाझरत्या माठासारखी असते. ती पुन्हा पुन्हा भरावी लागते आणि डीडीआर४ मेमरीत हे काम साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांना एकदा पूर्ण होते. एवढ्या कोटी माठांपैकी एखादा कच्चा निघाला, तर त्यातला एक शून्य होतो किंवा शून्याचा एक.

याचा परिणाम हिशेबाच्या भाषेत पाहू जाता धक्कादायक वाटतो. संगणक ५,००० ही संख्या ४,०९६, ५१२, २५६, १२८ आणि ८ या पाच घरांची बेरीज म्हणून ठेवतो. त्यातले ४,०९६ चे एकच घर विझले, तर ५,००० चे ९०४ होतात. प्रत्यक्षात हिशेबाचे कार्यक्रम संख्या याहून गुंतागुंतीच्या पद्धतीने साठवतात, पण तत्त्व बदलत नाही. येथे कोणी खाडाखोड केलेली नसते, शाई फिसकटलेली नसते. ९०४ हा आकडा तितकाच स्वच्छ आणि ठाम दिसतो.

असे प्रत्यक्ष घडल्याचे एक गाजलेले उदाहरण बेल्जियममधले आहे. १८ मे २००३ रोजी तेथे निवडणूक झाली आणि ब्रुसेल्सलगतच्या स्कारबेक या भागात संगणकीय मतदानयंत्रणा वापरण्यात आली. मोजणीत एका उमेदवाराला तिच्या स्वतःच्या यादीला मिळू शकतील त्याहूनही अधिक मते पडल्याचे दिसले. फेरमोजणी झाली तेव्हा जादा मतांचा आकडा नेमका ४,०९६ निघाला. कार्यक्रमात दोष सापडला नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे असे होऊ शकते. चूक पकडली गेली, कारण बेरीज अशक्य होती. तीच चूक शक्य वाटणाऱ्या आकड्यात झाली असती, तर ती कोणाच्या लक्षात आली असती, असे खात्रीने म्हणता येत नाही.

जुन्या मुनीमजींना या गोष्टीतला तर्क चटकन उमगेल. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर कोठेतरी ५,४०० ऐवजी ४,५०० असे दोन अंक आलटून-पालटून लिहिले गेले असावेत, असा त्यांचा पहिला संशय असे. संगणकाच्या जगात फरक ४,०९६ सारखा दोनाच्या पटीत वाढत गेलेल्या मालिकेतला असेल, तर संशयाची सुई मेमरीकडे वळते.

अशा चुका केवळ आकाशातूनच येतात असे नाही. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीतील संशोधकांना असे आढळले, की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांमुळेही बिट उलटत होते. पुढे २००९ मध्ये गुगल आणि टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी गुगलच्या डेटा सेंटरांतील यंत्रांची अडीच वर्षांची नोंद तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये निदान एक चूक नोंदली गेली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या स्टिकने एकदा चूक केली ती पुन्हा करण्याची शक्यता पुष्कळच वाढलेली होती. मेमरीतली चूक बहुतेक वेळा योगायोग नसून त्या वस्तूतलाच दोष असतो, असा याचा अर्थ. नवी स्टिक विकत घेणाऱ्याने हे वाक्य ध्यानात ठेवावे.

ताळ्याचे आठ अंक

गुणाकार केल्यावर नऊचा ताळा घेऊन तो पडताळून पाहण्याची रीत शाळेत शिकलेली पिढी अजून घराघरांत आहे. उत्तर पुन्हा सगळे न मोजता एका छोट्या अंकावरून चूक ओळखायची, ही त्यातली युक्ती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी ती आणखी पुढे नेली. शनिवार-रविवारी गणितयंत्र एखाद्या चुकीपाशी अडे आणि त्यांचे काम सोडून देई. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती नेमकी कोठे झाली हेही त्याला का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

त्याच विचारावर आजची ईसीसी मेमरी उभी आहे. तीत दर ६४ बिटांमागे ताळ्याचे आठ जादा बिट ठेवलेले असतात. एक बिट बिघडला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन बिघडले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाल्याचे कळते. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरमध्ये अशीच मेमरी असते. साध्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ती नसते, आणि घरचा सर्व्हर बहुधा डेस्कटॉपमधूनच जन्मलेला असतो.

ज्यांना नव्याने पेटी बांधावयाची आहे, त्यांनी ईसीसीचा विचार अवश्य करावा. मात्र प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस या तिन्हींचा पाठिंबा असेल तरच तिचा उपयोग होतो. काही मदरबोर्ड ईसीसी स्टिक चालवून घेतात, पण ताळा पाहत नाहीत. म्हणून मदरबोर्डच्या पुस्तिकेतील शब्द नीट वाचावेत. डीडीआर५ मेमरीत चिपच्या आत चूक सुधारण्याची एक सोय असते, तिलाच संपूर्ण ईसीसी समजण्याचा घोटाळाही होतो. ती सोय चिपपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक ती पकडत नाही.

ज्यांच्या पेटीला ईसीसी लागतच नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. तेथे यंत्र ताळा घेत नाही, म्हणून माणसाने तो घ्यायचा. पुढील सारी पथ्ये त्यासाठीच आहेत.

खरेदी करताना

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. अशा वेळी वापरलेली, बिलाशिवायची किंवा हाताला लागेल ती स्टिक घेण्याचा मोह होतो. या व्यवहारात वाचलेले चार पैसे पुढे महाग पडू शकतात.

पहिली गोष्ट पिढीची. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. चालण्याचा विद्युतदाबही वेगळा, अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. दुसरी गोष्ट प्रकाराची. मोठ्या सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड मेमरी जुन्या बाजारात स्वस्तात मिळते, पण साध्या मदरबोर्डवर ती चालत नाही. तिसरी गोष्ट जोडीची. दोन स्टिक घ्यायच्या असतील तर एकाच वेष्टनात विकली जाणारी जोडी घ्यावी. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिकमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. जुन्या स्टिकशेजारी नवी बसवली, तर दोघी बहुधा धीमीच्या वेगाने चालतात. कधी चालतच नाहीत आणि कधी चालल्यासारख्या दाखवतात. हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट.

चौथी गोष्ट स्लॉटची संख्या. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरवरचा भार वाढतो आणि अनेक मदरबोर्ड अशा वेळी कमी वेगच मान्य करतात. शक्य असेल तर चार छोट्या स्टिकपेक्षा दोन मोठ्या बऱ्या. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या पारखून घेतलेल्या मेमरीची यादी प्रसिद्ध करतात. सीताबर्डीच्या दुकानात जाण्यापूर्वी ती पाहून ठेवावी. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर स्टिकचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे आधीच विचारावे, कारण स्टिकची परीक्षा त्या मुदतीतच पूर्ण व्हायला हवी.

बदलाचा दिवस

दिवस निवडतानाही व्यापारी विवेक हवा. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा महत्त्वाच्या असतात. त्यांच्या आगेमागे, मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या गर्दीत पेटी उघडू नये. दुकान बंद असेल आणि पाठोपाठ एक मोकळी रात्र मिळेल, असा दिवस बरा.

आदल्या दिवशी तीन कामे करावीत. एक, संपूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क पेटीपासून सोडवून कपाटात ठेवावी. रोजच्या रोज जुन्यावर नवे लिहिणारा बॅकअप येथे कामाचा नाही. चुकीचा आकडा आला की तोही चुकीचाच होतो. दोन, तेरीज छापून ठेवावी आणि महत्त्वाच्या फाइलींचा चेकसम, म्हणजे प्रत्येक फाइलचा ताळा, काढून त्याची यादी जपावी. तीन, बायोसमधील सध्याच्या मांडणीची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत.

जुन्या मेमरीची परीक्षा आधी घेणे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नवी बसवल्यावर चूक निघाली, तर ती नवीची की जुनीची हा वाद मग उरत नाही. कदाचित जुनीच गेले वर्षभर चुकत होती, असेही निघू शकते.

प्रत्यक्ष बसवताना पेटी रीतसर बंद करावी, वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून आत उरलेला भार जिरू द्यावा. नागपूरच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून वावरताना अंगावर स्थिर वीज साठते. माणसाला जाणवतही नाही इतक्या भारानेही चिप दुखावू शकते. म्हणून स्वेटर आणि गालिचा टाळावा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला आधी हात लावावा आणि स्टिक कडेने धरावी. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोके ‘टक्‌’ असा आवाज होईपर्यंत समान दाबावीत. दोनच स्टिक असतील तर त्या कोणत्या दोन स्लॉटमध्ये बसवायच्या हे पुस्तिकेत दिलेले असते. शेजारशेजारचे स्लॉट बहुधा चुकीचे ठरतात.

कॅबिनेट बंद करण्यापूर्वी माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवाव्यात. परीक्षा न झालेल्या हाती वही द्यायचीच नाही, हा त्यामागचा हेतू. पहिल्यांदा पेटी चालू केल्यावर पडदा काही वेळ काळा राहू शकतो. यंत्र नव्या मेमरीशी आपला ताल जुळवत असते. डीडीआर५ मध्ये यास काही मिनिटेही लागतात. घाबरून मध्येच वीज तोडू नये.

यानंतर वेगाचा मोह आवरायचा. स्टिकच्या वेष्टनावर ठळक छापलेला वेग पुष्कळदा एक्सएमपी किंवा एक्सपो या मांडणीतला असतो. तो मानक वेगाच्या पलीकडचा, म्हणजे यंत्र ताणून मिळवलेला वेग होय. मेमरीचे मानक ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डीडीआर४ साठी १६०० पासून ३२०० पर्यंतचे वेग नेमून दिले आहेत. खेळ खेळणाऱ्या तरुणाला ताणलेला वेग हवासा वाटेल. हिशेब ठेवणाऱ्या पेटीला त्याची गरज नाही. तेथे जाणवणारा फरक नगण्य असतो आणि पत्करलेली जोखीम मात्र बारमाही असते.

परीक्षेची रात्र

मेमरी तपासण्यासाठी मेमटेस्ट ८६ आणि मेमटेस्ट ८६ प्लस हे कार्यक्रम जगभर वापरले जातात. ते पेनड्राइव्हवरूनच चालतात, त्यामुळे घरच्या प्रणालीला हात लागत नाही. मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहायचे आणि तेच परत वाचून पडताळायचे, असे त्यांचे काम. बत्तीस जीबीच्या पूर्ण चार फेऱ्यांना कित्येक तास लागतात; म्हणून संध्याकाळी लावून सकाळी निकाल पाहावा.

निकालात एकच उत्तर स्वीकारार्ह आहे : शून्य चुका. “एवढ्या कोटी बिटांत एकच तर चूक निघाली,” असे म्हणणारा भला माणूस घरात असतोच. पण वर उल्लेखिलेला अभ्यास काय सांगतो ते आठवावे. चुकलेली स्टिक पुन्हा चुकते. चूक निघाल्यास एक-एक स्टिक वेगळी तपासावी, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावी. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष स्टिकचा, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्डचा. कधी नुसती नीट न बसलेली स्टिकही चुका दाखवते. दोषी स्टिक मात्र वेग उतरवून कशीबशी चालवू नये. बिल घेऊन दुकान गाठावे.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच डिस्क जोडाव्यात. मग फाइलींचा ताळा पुन्हा काढून आधीच्या यादीशी मिळवावा आणि तेरीज छापील कागदाशी ताडून पाहावी. ज्यांची साठवण झेडएफएससारखी स्वतः ताळा ठेवणारी आहे, त्यांनी संपूर्ण डिस्कची पडताळणीही याच टप्प्यावर करावी, आधी नव्हे. डिस्कवरचा ताळा आकडा मेमरीतून आल्यावर काढला जातो. मेमरीतच बिघडलेल्या आकड्यावर तोही बिनतक्रार शिक्कामोर्तब करतो.

नवतपा, कूलर आणि वीज

मेमरीविषयी परदेशात लिहिलेल्या मार्गदर्शनात नागपूरचा मे महिना नसतो. येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मेअखेरीच्या नवतपात बंद खोलीतली पेटी भट्टी बनते. मेमरीची चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली, तर तिचे माठ लवकर पाझरतात आणि मानकानुसार ते दुप्पट वेळा, म्हणजे डीडीआर४ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांना भरावे लागतात. खोली ४५ अंशांवर असेल, पंख्यावर धूळ असेल आणि पेटी जिन्याखाली कोंडलेली असेल, तर मर्यादा आणि वास्तव यांतले अंतर कमी होत जाते. यावरून निघणारा धडा महत्त्वाचा आहे : जानेवारीतल्या रात्री उत्तीर्ण झालेल्या मेमरीची परीक्षा मे महिन्यातल्या एका दुपारी पुन्हा घ्यावी. थंडीतले प्रमाणपत्र उन्हाळ्यात चालत नाही.

उन्हावरचा विदर्भाचा घरगुती उपाय म्हणजे कूलर. माणसाला त्याची हवा सुखावते, यंत्राला नव्हे. ओलसर हवा आणि तिच्याबरोबर येणारी बारीक धूळ सोनेरी पट्ट्यांवर बसते आणि कालांतराने संपर्क बिघडवते. कूलरच्या थेट झोतात पेटी ठेवू नये. सावलीतल्या, भिंतीपासून सुट्या, हवा खेळत्या जागी ती ठेवावी आणि उन्हाळ्यापूर्वी आतील धूळ काढावी.

विजेची बाजूही विसरून चालणार नाही. डिस्कवर लिहावयाचा मजकूर प्रणाली काही काळ मेमरीत धरून ठेवते. मेमरी वाढली की हा न लिहिलेला साठाही वाढू शकतो. अशा क्षणी वीज गेली, तर पूर्वीपेक्षा अधिक नोंदी हवेत विरण्याचा धोका राहतो. म्हणून मोठ्या मेमरीबरोबर यूपीएस असणे अगत्याचे, आणि बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हर स्वतःहून रीतसर बंद होईल अशी जोडणीही हवी. घरच्या साध्या इन्व्हर्टरला बदल घडवायला जो क्षण लागतो, तेवढाही संगणकाला कधी कधी जास्त होतो.

प्रतींचा नियम आणि शेवटची नोंद

इतकी दक्षता कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवणे बंधनकारक आहे. आज मेमरीने बिघडवलेला आकडा चार वर्षांनी समोर आला, तर त्याचा खुलासा यंत्राला विचारला जात नाही; तो घरधन्यालाच द्यावा लागतो. छायाचित्रांची गोष्ट याहून हळवी. बिघडलेला हिशेब बिलांवरून पुन्हा उभा करता येतो, आजीचा आवाज नाही.

म्हणून मेमरी ईसीसी असो वा साधी, माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम पाळावा. अमरावतीला किंवा पुण्याला असलेल्या भावाच्या घरी एक प्रत आणि त्याची आपल्या घरी, अशी देवघेव एकत्र कुटुंबाच्या परंपरेला साजेशीच ठरेल. प्रतींपैकी काही तारखेनिशी जुन्या ठेवाव्यात. चूक कधी शिरली हे न कळल्यास मागे जाण्याची वाट त्यांतूनच सापडते.

काढलेली जुनी मेमरी तपासणीत निर्दोष ठरली असेल, तर ती स्थिरविजेपासून जपणाऱ्या पिशवीत निदान पुढचा उन्हाळा जाईपर्यंत ठेवून द्यावी. नवीने दगा दिला तर तासाभरात पेटी पूर्ववत चालू होते. आणि एक लहानसे काम वहीत करावे. कोणत्या तारखेला कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये बसवली, तिचा अनुक्रमांक काय, किती फेऱ्या झाल्या, चुका किती निघाल्या आणि मे महिन्यातली फेरतपासणी कधी झाली, एवढ्या पाच ओळी. पुढे कधी पेटी अडली, तर ती उघडणाऱ्याला, मग तो मुलगा असो, सून असो वा दुकानातला नवा मदतनीस, अंधारात चाचपडावे लागणार नाही.